होणारी सून चहा घेत नाही आणि कारण विचारलं तर कॅफीन म्हणतात, मग हातात कोक कसा?

या वेळचं पत्र पुण्यातल्या एका ताईंचं आहे, नाव आणि ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देते. मुलगा काही वर्षं अमेरिकेत युटा राज्यात नोकरीला आहे, तिथलीच मुलगी पसंत केलीय, मुलगी मॉर्मन आहे, म्हणजे अमेरिकेत निघालेल्या एका ख्रिस्ती पंथाची. डिसेंबरात दोघं येणार, साखरपुडा करायचा आणि मग नातेवाईकांकडे फिरायचं. मुलीला चहा-कॉफी चालत नाही. का, असं विचारल्यावर मुलगा म्हणाला कॅफीन असतं म्हणून. पण व्हिडिओ कॉलवर तिच्या हातात हा एवढा मोठा कोकचा ग्लास, मग ताईंना वाटलं की हे नाटक कशाला? सासूबाईंचं म्हणणं, पहिल्यांदा घरी आलेली मुलगी चहा न घेता उठली तर आमचा मान काय राहिला. जाऊबाईंनी तोडगा काढलाय की आल्याचा काढा म्हणून द्या आणि त्यात गुपचूप थोडी पावडर टाका, तिला काय कळतंय. आणि पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ, "मुलानेही चहा सोडलाय, पूर्वी दिवसाला चार कप लागायचे."

ताई, आधी जाऊबाईंच्या काढ्याचं बघू, बाकीचं सावकाश बोलता येईल. असलं काही करू नका, गंमत म्हणूनसुद्धा नाही. एकतर चहाचा वास लपत नाही, आणि समजा लपला तरी आपल्याकडे अशा गोष्टी कोणाच्या पोटात राहत नाहीत, दोन वर्षांनी कुठल्यातरी बारशाला कोणीतरी हसत हसत सांगणारच की अगं तुला तेव्हा आम्ही चहाच पाजला होता. त्यानंतर ती तुमच्या घरातली प्रत्येक वाटी हुंगून मग तोंडाला लावेल, आणि तिचं चुकतंय असं तुम्हालाही म्हणता येणार नाही.

आता कोक. तुम्हाला खटकलं ते बरोबरच खटकलं, फक्त खोटं ती बोलत नाहीये, उत्तर तुमच्या मुलाने चुकीचं दिलंय. मॉर्मन लोकांच्या नियमात कॅफीन हा शब्दच नाहीये! पण त्याला तरी काय दोष द्यायचा, खुद्द त्यांच्यातल्या अनेकांचा वर्षानुवर्षं हाच समज होता, चहात आणि कॉफीत दोन्हीकडे काय आहे तर कॅफीन, म्हणजे देवाला तेच नको असणार, असा हिशोब करून कोला पण न पिणारी कितीतरी घरं होती, अजूनही आहेत. शेवटी २०१२ मध्ये चर्चनेच सांगून टाकलं की कॅफीनवर आमची बंदी नाही, नियम चहा आणि कॉफीचा आहे. तरीसुद्धा त्यांच्या स्वतःच्या ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीत कॅफीनवाला कोक विकायला सुरुवात झाली ती २०१७ मध्ये. आणि आता युटात जाऊन बघा, सोड्याची ड्राइव्ह-थ्रू दुकानं जागोजागी, कोक नाहीतर डॉक्टर पेपर नावाचं कोल्ड्रिंक घ्यायचं, त्यात नारळाचं सिरप, वरून क्रीम, लिंबू पिळायचं आणि बर्फ भरून बादलीएवढा ग्लास घेऊन निघायचं. याला डर्टी सोडा म्हणतात, स्विग नावाची चेन २०१० मध्ये सेंट जॉर्ज गावात याच धंद्यावर सुरू झाली. तुमच्या होणाऱ्या सुनेच्या हातात बहुतेक तेच असणार. साखरेचं म्हणाल तर चहाच्या एका कपाने काहीच बिघडलं नसतं असं माझं स्पष्ट मत आहे, पण तो मुद्दा वेगळा.

मग नियम आहे तरी काय आणि आला कुठून, हे नीट सांगते, कारण ती येण्याआधी तुम्हाला हे माहीत असलेलं बरं. हा सगळा प्रकार एका किराणा दुकानाच्या माडीवर सुरू झाला. ओहायो राज्यातलं कर्टलंड गाव, दुकान न्यूएल व्हिटनी नावाच्या गृहस्थाचं, आणि वरच्या मजल्यावर पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ बायकामुलांसकट राहत होते, वय तेव्हा अवघं २७. तिथेच एका लहानशा खोलीत पुरुषमंडळींचा धर्मशिक्षणाचा वर्ग भरायचा, स्कूल ऑफ द प्रॉफेट्स असं मोठं नाव होतं त्याला. ही मंडळी आली की आधी पाइप पेटवायची, खोलीभर धूर, पाइप संपला की तंबाखू चघळायला घ्यायची आणि थुंकायची कुठे, तर तिथेच जमिनीवर. आणि ती घाण झालेली लाकडी फळ्यांची जमीन पुसायची कोणी, तर स्मिथ यांच्या बायकोने, एमाने. ती वैतागून बोलली, स्मिथ यांच्या डोक्यात विचार सुरू झाला, त्यांनी देवाला विचारलं आणि २७ फेब्रुवारी १८३३ ला जो आदेश झाला तो म्हणजे वर्ड ऑफ विज्डम, त्यांच्या डॉक्ट्रिन अँड कव्हेनंट्स या ग्रंथातलं ८९ वं प्रकरण. एमाची ही हकीगत स्मिथ यांच्यानंतर पंथाचे प्रमुख झालेले ब्रिगहॅम यंग यांनी सांगितलीय, तीसुद्धा ३५ वर्षांनी, आणि ते स्वतः त्या दिवशी तिथे नव्हते, त्यामुळे पदरचं किती घातलं देव जाणे. मला मात्र ती पटते. पुरुषांच्या बैठकीनंतर खोली झाडणारी बाई काय म्हणत असेल ते कळायला आपल्याला इतिहासकार लागत नाही.

आता त्या आदेशात काय लिहिलंय ते बघा. दारू नको, तंबाखू नको, आणि गरम पेयं शरीरासाठी किंवा पोटासाठी नाहीत. बस. चहा-कॉफीचं नावसुद्धा नाही. धान्य, फळं खा म्हटलंय. मांस अगदी थोडं, ते पण शक्यतो हिवाळ्यात, थंडीत किंवा दुष्काळात खा असंही म्हटलंय, आणि हे कलम मात्र युटातल्या बर्गरच्या दुकानांपर्यंत अजून पोचलेलं दिसत नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सुरुवातीलाच लिहिलंय की ही आज्ञा म्हणून किंवा सक्ती म्हणून सांगितलेली नाही. पाळलं तर धावाल आणि थकणार नाही, चालाल आणि गळून जाणार नाही, असं आश्वासन शेवटी आहे. गरम पेयं म्हणजे चहा आणि कॉफी, असा उलगडा जोसेफ यांचे भाऊ हायरम स्मिथ यांनी १८४२ मध्ये केला, आणि तेव्हाच्या अमेरिकेत लोक गरम म्हणून रोज पीत होते ते हेच दोन पदार्थ, त्यामुळे त्यात कोणाला काही वेगळं वाटलं नसावं.

का, हा तुमचा प्रश्न राहतोच. श्रद्धाळू माणूस म्हणेल की देवाने सांगितलं म्हणून, आणि खरं सांगायचं तर चर्चचं अधिकृत उत्तरही साधारण एवढंच आहे, अमुक रसायनामुळे असं त्यांनी कधी ठामपणे लावून धरलेलं नाही. इतिहास बघणारा माणूस म्हणेल की तो काळच तसला होता. १८२६ मध्ये अमेरिकन टेम्परन्स सोसायटी निघाली होती, गावोगाव दारूबंदीची भाषणं चालायची, कर्टलंडमध्येसुद्धा अशी मंडळी होती, आणि त्यांच्यासोबतच आरोग्य सुधारायला निघालेले लोक सांगत फिरायचे की उत्तेजक पदार्थांनी नसा बिघडतात, पोटात फार गरम काही घालू नये. चहा-कॉफी त्या यादीत आपोआप आली. दोन्ही उत्तरं एकमेकांना खोडतात असं मला काही वाटत नाही, पण साखरपुड्याच्या आधी तिच्याशी या विषयावर वाद घालू नका एवढंच!

यातली मजा पुढेच आहे. सुरुवातीला कित्येक जण हे फारसं मनावर घेतच नव्हते. १८४५-४६ च्या सुमाराला, तेव्हा वस्ती होती ते इलिनॉय राज्यातलं नॉव्हू गाव सोडून पश्चिमेकडे निघायचं ठरलं तेव्हा बैलगाडीत काय काय भरायचं याची यादी छापली गेली होती, त्यात चहा आणि कॉफी दोन्ही होतं. पुढे युटात बस्तान बसल्यावर १८६० च्या दशकात ब्रिगहॅम यंग यांनी जोर लावला तो धर्मासाठी होताच, पण हिशोबासाठीही होता, कारण चहा, कॉफी, तंबाखू हे सगळं बाहेरून विकत आणायचं आणि हातातली रोकड युटाबाहेर जायची. आणि मग १९२१ च्या आसपास, हेबर ग्रँट चर्चचे अध्यक्ष असताना, म्हणजे अमेरिकेत दारूबंदीचा कायदा चालू होता त्या दिवसांत, हे पाळणं पक्कं सक्तीचं झालं. म्हणजे कसं, तर मॉर्मन लोकांच्या टेम्पलमध्ये कोणालाही असंच जाता येत नाही, त्याला टेम्पल रेकमेंड नावाचं कार्ड लागतं, ते दोन वर्षं चालतं, आणि ते देताना बिशप समोर बसवून ठरलेले प्रश्न विचारतो. त्यातला एक प्रश्न, वर्ड ऑफ विज्डम पाळता का? दुकानाच्या माडीवर जो सल्ला होता तो नव्वदेक वर्षांत दाराचा उंबरठा झाला.

कारण शोधायचा उद्योग मात्र अजून चालूच आहे. कोणी टॅनिन म्हणतं, कोणी व्यसन म्हणतं, कोणी सांगतं की ६५ अंशांच्या वर गरम पेय प्यायल्याने अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका असू शकतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीच २०१६ मध्ये म्हटलंय. ठीक आहे, म्हटलंय. पण मग गरमागरम हॉट चॉकलेट चालतं, आणि बर्फ घातलेली कोल्ड कॉफी चालत नाही, याचं काय करायचं? २०१९ मध्ये चर्चच्या तरुणांच्या मासिकात स्पष्टच छापून आलं की ग्रीन टी आणि काळा चहा एकाच झाडाचे, दोन्ही नाहीत, आइस्ड टी हा पण चहाच, आणि ज्याच्या नावात कॉफी नाही पण आत कॉफी आहे, मोका, लाटे वगैरे, ते पण नाही. तब्येतीचं म्हणाल तर मॉर्मन लोक निरोगी म्हणून जे नाव कमावून आहेत त्याचं मोठं श्रेय तंबाखू आणि दारू न घेण्याला जातं, चहाचा त्यात कितपत हात आहे याबद्दल मला दाट शंका आहे.

म्हणून ताई, तुमचा जो मूळ हिशोब आहे ना, की नियम असेल तर त्याला शास्त्रीय कारण पाहिजे आणि नसेल तर ते ढोंग, तो जरा बाजूला ठेवा. आपल्या घरात कोणी माळ घातली तर आपण काय विचारतो? मटण का नाही, त्यात कोलेस्टेरॉल किती, असं विचारत नाही. त्याने विठ्ठलाला शब्द दिलाय, आणि माळ घातली की वारकऱ्यांतला झाला, विषय संपला. कांदा-लसणावर दोन माळकऱ्यांचं एकमत होईलच असं नाही, कोणी फार कडक असतो, कोणी थोडा सैल, तरी त्याच्या ताटात कोणी रस्सा वाढत नाही. तुमची होणारी सून माळकरी आहे, माळ फक्त दिसत नाही. सासूबाईंना हे असंच सांगा, मला वाटतं त्यांना ते तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर समजेल.

आणि पुण्याने याबाबत जरा सबुरीनेच घ्यावं असं माझं मत आहे, कारण चहावरून गावभर तमाशा करण्याचा आपला जुना अनुभव आहे. १८९० मध्ये गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं ठेवली गेली, त्यात न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. हा कार्यक्रम जुळवून आणणारे गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाई जोशींचे यजमान, त्यांनीच मग कोण कोण गेलं होतं ती नावं 'पुणे वैभव' मध्ये छापून आणली. ख्रिस्ती लोकांच्या हातचा चहा घेतला म्हणून बोभाटा झाला, ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. त्या भांडणातही चहात काय आहे हा प्रश्न नव्हताच, आपण कोणाचे आणि कोणाच्या पंक्तीला बसतो हाच होता. आज त्याच पुण्यात एक ख्रिस्ती मुलगी चहाला नको म्हणणार आणि आपल्याला अपमान वाटणार, काय गंमत आहे बघा.

आता प्रत्यक्षात करायचं काय. सासूबाईंचं दुखणं चहा नाहीये हो, घरी आलेल्या मुलीने घरातलं काही तोंडाला लावलं पाहिजे हे आहे, आणि ते रास्तच आहे. मग मसाला दूध करा, तेही सासूबाईंच्या हातचं, डिसेंबरच्या थंडीत याहून बरं काही नाही. गरम चालेल का ही शंका मनात आणू नका, वर सांगितलं तसं गरमपणाचा प्रश्नच उरलेला नाही. आलं-सुंठ-गुळाचं गरम पाणी, गवती चहाचा उकाळा (पावडर न घालता, आणि देताना सांगून द्या की हे गवत आहे, नाहीतर मुलगा बिचारा दचकेल), कोकम सरबत, सोलकढी, उसाचा रस, काहीही द्या. एक ट्रे चहाचा आला की त्याच ट्रेमध्ये तिचा पेला असू दे, तिच्यासाठी वेगळी धावपळ आणि वेगळी घोषणा नको. कॉफीचा स्वाद असलेला केक किंवा आइसक्रीम याबाबत त्यांच्यातही घराघरात फरक असतो, तिलाच विचारा. डिसेंबर आहे म्हणजे कॅम्पातून प्लम केक येणारच, घेताना त्यात रम आहे का ते विचारून घ्या.

फॅमिलीच्या ग्रुपवर तुम्हीच दोन ओळी टाकून ठेवा, ती चहा-कॉफी घेत नाही, धर्माचं आहे, सरबत किंवा दूध आवडीने घेईल, आग्रह करू नका. आग्रह हा शब्द मुद्दाम घाला, आपल्याकडे नको म्हणणं म्हणजे अजून एकदा विचारा असाच अर्थ घेतात आणि ती बिचारी पाच घरांत पाच-पाच वेळा नको नको करत बसेल. आणि आपला बचाव करायची वेळ तिच्यावर आणू नका, "पण कोक कसा चालतो गं?" हे विचारणारा एक काका प्रत्येक घरात असतो, त्याला आधीच आवरा. अजून एक, २०१८ पासून त्यांच्या चर्चनेच मॉर्मन हा शब्द वापरू नका असं सांगितलंय, पूर्ण नाव द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स असं लांबलचक आहे. मी इथे सवयीने मॉर्मन लिहितेय, पण तिला काय म्हटलेलं आवडतं ते एकदा विचारून घ्या. ज्यांची मुलं युटा, आयडाहो, ॲरिझोनाकडे आहेत आणि शेजारी-ऑफिसात हीच माणसं भेटतात त्यांनाही हे सगळं लागू आहे, नुसतं "चहाला या" म्हणण्याऐवजी "घरी या, काय घ्याल?" म्हटलं तरी निम्मं काम होतं.

आता ती शेवटची ओळ. मला वाटतं पत्र तुम्ही त्या ओळीसाठीच लिहिलंय. मुलाने चहा सोडला याचा अर्थ त्याने धर्म बदलला असा होत नाही, तिच्यासमोर पिणं बरं वाटत नाही म्हणूनही सोडला असेल, प्रेमात माणसं याहून मोठ्या गोष्टी सोडतात. पण हेही खरं की त्या चर्चमध्ये बाप्तिस्मा घ्यायचा तर हा नियम आधीपासून पाळावा लागतो, म्हणजे तुमची शंका अगदीच हवेतली नाही. तेव्हा चहावरून अंदाज बांधत बसू नका, सरळ विचारा. फोन करा, ती शेजारी नसेल तेव्हा, आणि दोनच गोष्टी विचारा. तू बाप्तिस्मा घेतलायस का किंवा घ्यायचा विचार आहे का, आणि लग्न कुठे कसं करायचं ठरतंय? दुसरा प्रश्न मी उगाच सांगत नाहीये. टेम्पलमध्ये जे लग्न लागतं त्याला ते कार्ड असलेले सभासदच आत जाऊ शकतात, नवऱ्यामुलाची आई असली तरी बाहेर थांबावं लागतं, आणि हे तिथे गेल्यावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. मुलगा सभासद नसेल तर टेम्पलमधलं लग्न होणारच नाही, आणि नवा सभासद झाला तरी त्याला साधारण वर्षभर थांबावं लागतं. २०१९ पासून चर्चने एक सोय केलीय की आधी सगळ्यांसमोर साधं लग्न करा आणि टेम्पलमधला विधी नंतर लगेच केला तरी चालेल, पूर्वी अमेरिकेत त्यासाठी वर्षभर थांबायला लागायचं. म्हणजे अक्षता टाकायला तुम्हाला जागा आहे, फक्त ती आधी बोलून ठरवावी लागेल. तो हो म्हणाला तर काय करायचं, हे मी इथून सांगू शकत नाही, ते तुम्ही त्याच्याशीच बोलायचं, पण तेव्हा तरी चहाचा विषय मध्ये आणू नका, त्या भांडणात चहा फुकट मरतो.

आणि हॉलवाल्याला ॲडव्हान्स दिला नसेल तर थांबा. साखरपुडा बहुतेक रविवारीच ठरवत असाल, सगळ्यांना सुट्टी म्हणून. ही माणसं रविवार पाळतात, त्या दिवशी खरेदी, हॉटेल, पार्ट्या टाळतात, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी तर त्यांचा उपास असतो, दोन वेळचं जेवण नाही आणि पाणीसुद्धा नाही, त्या जेवणाचे पैसे गरिबांसाठी देतात. तेव्हा शनिवार बघा, आणि शनिवार मिळत नसेल तर निदान पहिला रविवार सोडून दुसरा कुठलाही, तोही मुलीला विचारून.